पाणी उजव्या हाताला

जोगळेकर काकांची आणि माझी ओळख कचऱ्यावरून झाली. तोक्योतल्या हिगाशी-कसाईला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी कचऱ्याची पिशवी खाली ठेवून आले आणि थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. दारात पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात स्लिपर, आणि हातात माझीच पिशवी!

"मी जोगळेकर. तिसरा मजला. मूळचा डोंबिवली," ते म्हणाले. "तुमच्या पिशवीत नारळाची करवंटी आहे. ती जळणाऱ्या कचऱ्यात की न जळणाऱ्या, यावर इथे अजून एकमत नाही. मी ऑफिसात विचारलं तर दोन जपान्यांची जुंपली. तोवर करवंट्या माझ्याकडे देत जा, मी त्यांचे डाव करतो."

खरं सांगते, मला रागच आला होता. परक्या बाईचा कचरा उपसायचा म्हणजे काय! पण रविवारी ते खरोखरच करवंटीचा घासूनपुसून गुळगुळीत केलेला डाव घेऊन आले. तो अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे.

त्या वर्षांत आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईची संगणकवाली पोरं नुसती येऊन आदळत होती. माझा नवरा निखिल त्यांतलाच. सगळे पंचविशी-तिशीतले, आणि त्यांत काका एकटे वडीलधारे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेले. इथल्या एका विमा कंपनीचं जुनं काम कोबॉल नावाच्या जुनाट संगणकभाषेत होतं आणि ती येणारे जपानी भराभर निवृत्त होत होते, म्हणून काकांना बोलावणं आलं. "लग्नाच्या वयात नाही एवढी मागणी आता आलीय," असं ते सगळ्यांना सांगायचे. ऑफिसात त्यांचं आख्खं आडनाव कोणाला उच्चारता येईना, म्हणून ते 'जोगु-सान' झाले होते.

काकू मात्र डोंबिवलीतच होत्या, त्यांच्या गुडघ्यांमुळे. त्यामागे एक मोठी गोष्ट होती आणि ती काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकली. पोटात काही ठेवणं त्यांना जमायचंच नाही. काकूंना नर्मदा परिक्रमा करायची होती. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, काठाकाठाने पायी चालायचं, तिचं पाणी कुठेही ओलांडायचं नाही, आणि निघालो तिथे परत यायचं. काका निवृत्त झाले की दोघांनी निघायचं असं ठरलं होतं. खांद्याच्या पिशव्या शिवून झाल्या होत्या. काका निवृत्त झाले आणि त्याच वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. काकूंशिवाय काका जायला तयार नव्हते. घरात बसून त्या पिशव्यांकडे बघत बसण्यापेक्षा जपान बरं, म्हणून ते इकडे आले.

आल्याआल्या त्यांच्या ऑफिसची सहल उत्तरेला इनावाशिरोला गेली. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोरियामा, तिथून डोंगरातली छोटी गाडी. इनावाशिरो म्हणायला तळं, पण समोरचा काठ धूसर दिसतो आणि वारा सुटला की चांगल्या लाटा फुटतात. वाळूचे किनारे आहेत, उन्हाळ्यात लोक पोहायला येतात, थंडीत सायबेरियातून हंस येतात. उत्तरेला बांदाई नावाचा ज्वालामुखी उभा आहे. जेवण झाल्यावर सहलीला आलेली मंडळी बसने पश्चिमेकडच्या धक्क्यावर, हंसाच्या आकाराच्या मोठ्या बोटीत बसून फेरी मारायला गेली आणि काका जेवणाच्या जागीच काठावर राहिले, काकूंना फोन लावायला.

"अगं, समुद्र वाटावा एवढं तळं आहे," ते म्हणाले.

"त्याला सबंध फेरी घालता येते का हो? पायी?" काकूंनी विचारलं.

"येत असावी. काठाने रस्ता दिसतोय."

"मग घाला की! मी फोनवर आहे."

काकांनी तिथल्या तिथे कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, चहाची एक बाटली घेतली, चहा पिऊन टाकला, ती धुऊन तळ्याच्या पाण्याने भरली आणि चालायला लागले. परिक्रमेत नदीचं पाणी असं जवळ बाळगतात आणि फेरी पुरी झाली की ते पुन्हा नदीत सोडतात. त्या दिवशी ते फारतर तासभर चालले असतील. ऑफिसवाले बोटीची फेरी करून परत आले तर जोगु-सान गायब! त्यांना शोधायला पोरं पाठवावी लागली होती.

पुढे हे त्यांचं व्रतच झालं. शनिवारी पहाटे उठायचं आणि मंदगतीच्या गाड्या बदलत बदलत तळं गाठायचं. शिनकानसेन त्यांना पटायची नाही, "प्रवास झाल्यासारखा वाटत नाही" म्हणायचे. जिथे गेल्या वेळी थांबले असतील तिथेच, त्याच दगडापासून पुढे चालायचं, संध्याकाळी परत यायचं. चालताना मध्येच फोन. तिकडे काकूंचा सकाळचा चहा चाललेला असायचा. काकूंचा पहिला प्रश्न कायम एकच.

"पाणी कुठल्या हाताला?"

"उजव्या, उजव्या," काका म्हणायचे.

आणि मग काय काय दिसतंय ते. काका चालायचे तेवढा वेळ काकू खुर्चीत बसून पाय वरखाली करायच्या. तोच व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेला होता आणि काकूंनी तो वर्षभर टाळला होता. आता त्या म्हणायच्या, "हे चालतायत आणि मी नुसती बसू? बरं दिसतं का ते?"

नियम सगळे काकूंचे. त्यांनी परिक्रमेबद्दल इतकं वाचलं होतं की त्यांना विचारल्याशिवाय काका डावीकडे वळायचे नाहीत. चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून ऐन उन्हाळ्यात, सगळं तोक्यो तळ्यावर लोटलेलं असताना, काका पूर्वेच्या किनाऱ्यावर वाळूत छत्री रोवून बसायचे. आम्ही पोहायचो, ते गुडघाभर पाण्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. परिक्रमेत त्याच्या पुढे जायचं नसतं. थंडीत तर रस्ते बर्फाखाली. म्हणजे राहिले वसंतातले काही शनिवार आणि कार्तिकी झाल्यावर पहिलं बर्फ पडेपर्यंतचे काही. त्यामुळे ती फेरी वर्षानुवर्षं चालली.

आणि बोट? बोटीचं नाव काढायचं नाही. आम्ही पोराबाळांसह हंसात बसून फेरी मारून यायचो आणि काका काठावर आमच्या सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि अर्धवट खाल्लेली आइस्क्रीमं सांभाळत उभे असायचे. "मधून कसं दिसतं?" तेवढं विचारायचे. आम्ही आपलं "छान" म्हणून मोकळे.

मला त्यांनी कसं बाहेर काढलं तेही सांगायला हवं. निखिल सकाळी जायचा तो रात्री उशिरा यायचा. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं, इरा नुकती झाली होती. मी दिवसभर न कळणारा टीव्ही बघत बसायची आणि आईला फोनवर सांगायची, मी परत येते, मला इथे राहायचं नाही. एका शनिवारी काकांनी बेल वाजवली आणि म्हणाले, "मेघना, पायात बूट घाल. पोरीला पाठीला बांध. निखिल, तू पण चल, झोप गाडीत काढ." मी पन्नास सबबी सांगितल्या. त्यांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि म्हणाले, "झालं? आता बूट."

त्या दिवशी आम्ही दक्षिणेच्या काठाने चाललो. तिथून तळ्यापलीकडे अख्खा बांदाई दिसतो, माथ्यावर बर्फाच्या रेघा. पाठीवर इरा झोपली होती. या देशात येऊन पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि मी चालता चालता हमसून रडले. काका पुढे चालत राहिले, फक्त जरा हळू.

त्या भागात अस्वलं आहेत. लोक पिशवीला छोटी घंटा बांधून चालतात, म्हणजे अस्वल आवाज ऐकून लांब राहतं. काकांनी घंटा घेतली नाही. झाडीचा रस्ता आला की ते खड्या आवाजात पावकी, निमकी, दीडकी म्हणायला लागायचे. "अस्वल पळालं तर उत्तम, नाही पळालं तर निदान त्याचे पाढे पाठ होतील." समोरून येणारे जपानी गिर्यारोहक हे ऐकून वाकून नमस्कार करायचे. त्यांना ते मंत्र वाटत असावेत. काकाही गंभीर चेहऱ्याने वाकायचे आणि पुढे औटकी चालू.

परिक्रमेत कोणी प्रेमाने दिलेलं नाकारायचं नाही, हाही काकूंचाच नियम. पश्चिमेच्या काठावर एका आजीबाईंनी आम्हाला अंगणात बोलावलं. चहा दिला, काकी नावाची केशरी फळं दिली आणि निखाऱ्यावर भाजलेले छोटे मासे पुढे केले. काका जन्माचे शाकाहारी. त्यांनी मासा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे दिला. "माझ्या वतीने," म्हणाले. मी मालवणची, मी तो आनंदाने खाल्ला. आजीबाई खूश होऊन आणखी घेऊन आल्या. असं करत करत मी काकांच्या वतीने सात-आठ मासे खाल्ले आणि त्यांनी माझ्या वाटणीची सगळी फळं संपवली.

सगळ्यात मोठा पेच वायव्येला आला. तिथे तळ्यातून एक नदी बाहेर पडते आणि तिच्यावर पाणी अडवायचे जुने दरवाजे आणि पूल आहे. काका पुलाच्या तोंडाशी थबकले. आत येणाऱ्या नद्या त्यांनी पूल ओलांडून पार केल्या होत्या, पण हे पाणी तर तळ्याचंच! ते ओलांडलं तर परिक्रमा मोडते की नाही? फोन लागला. तिकडे वीज गेलेली, पंखा बंद, काकू वैतागलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बाहेर निघालेली नदी म्हणजे सासरी निघालेली मुलगी. ती आता त्या घरची. या चालत." काका अगदी सुटल्यासारखे पूल पार करून गेले. निखिल म्हणाला, "काकू आमच्या प्रोजेक्टला मिळाल्या असत्या तर निम्म्या मीटिंगा वाचल्या असत्या."

आता फक्त उत्तरेचा काठ राहिला होता. पण तोवर जगभर मंदी आली. आमच्या इमारतीतली एकेक घरं रिकामी व्हायला लागली. काकांचंही कंत्राट संपलं. व्हिसाही संपत आला होता, परतीचं तिकीट काढून झालं. मे महिना होता. काका एकदा जाऊन हंसबोटीच्या धक्क्यापर्यंत चालून आले. तिथून जिथे सुरुवात केली तो दगड, एवढाच तुकडा उरला, सकाळ भरून होईल एवढा. तो त्यांनी निघायच्या आठवड्यासाठी मुद्दाम ठेवला होता. यंदा पुरी नाही झाली तर पुन्हा कधीच नाही, हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

तो दिवस आडवारी होता, निखिलला ऑफिस. मी आणि इरा काकांबरोबर गेलो. इरा तेव्हा बालवाडीत जायची. इथल्या बालवाडीची मुलं पिवळी टोपी घालून, एकमेकांचे हात धरून रांगेत चालतात. त्या दिवशी सुट्टी घेतलेली असूनही बाईसाहेब पिवळी टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडेनात.

धक्क्यावर पोचलो. काकांनी बाकावर बसून काकूंना फोन लावला. शेवटचा तुकडा दोघांनी मिळून चालायचा होता. इरा शेजारी भाताचा ओनिगिरी खात होती. "तू जाऊन ये, मी आहे," काका मला म्हणाले, म्हणून मी हात धुवायला गेले.

परत आले तर बाकावर फक्त काकांची पिशवी. बोट धक्क्यापासून सुटली होती. वरच्या डेकवर पिवळ्या टोप्यांची अख्खी रांग होती आणि त्या रांगेच्या शेवटी, एका हातात छत्री, कानाला फोन, जोगळेकर काका!

आधी मला हसूच आलं. मग पिवळ्या टोप्यांत इराचे लाल बूट दिसले आणि सगळा उलगडा झाला. कुठल्याशा बालवाडीची सहल आली होती. पिवळी टोपी दिसली, रांग दिसली, शेवटच्या मुलाचा हात मोकळा दिसला. माझ्या पोरीने तो धरला आणि रोजच्यासारखी चालायला लागली. ती चढली तेव्हा काकांनी पाहिलं. फळी उचलायला घेतली होती. ते धावले आणि आत उडी मारली.

मी त्यांची पिशवी उराशी धरून काठावर उभी राहिले. त्या पिशवीत ती बाटली होती. इतकी वर्षं आमच्या पिशव्या घेऊन ते इथेच उभे असायचे. ती अर्धा-पाऊण तासाची फेरी मला जन्माची वाटली.

बोटीवर काय झालं ते नंतर काकूंनी सांगितलं. "मला आधी पळण्याचा आवाज आला. मग पोरांचा कालवा, मग भोंगा. मी म्हटलं, अहो, कुठे आहात तुम्ही? मग म्हणाले, मध्ये. मी म्हटलं, कशाच्या मध्ये? तर म्हणाले, तळ्याच्या. इरा चढली होती गं, एकटी. मला रडूच आलं. पण म्हटलं, आता मध्ये गेलाच आहात तर सांगा तरी, काय दिसतंय? तर म्हणाले, आपण चाललो ते सगळं दिसतंय. सगळं एकदम. तो पूल, आजीबाईंचं घर, वाळू, पलीकडचं सगळं. माझं सबंध चालणं यांनी मला दाखवलं."

बोट लागली. बालवाडीच्या बाई कमरेत वाकून वाकून माफी मागत होत्या, काकाही तेवढेच वाकत होते. इरा त्यांचं बोट धरून उतरली, एकदम खुशीत. मी तिला उचललं आणि रडायला लागले.

"रडतेस काय? पोर आहे की इथे," काका म्हणाले.

"पण काका, तुमची परिक्रमा..."

"मोडली," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले. बुटाची नाडी सुटली होती. मी वाकून बांधली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्या माणसाने पोरीसाठी क्षणाचाही विचार केला नव्हता, आणि काय गेलं ते त्याला पुरतं माहीत होतं. माझ्या जन्मात माझ्यासाठी कोणी एवढं केलेलं नाही.

मग फोन वाजला. काकूंचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"मोडली तर मोडली. बाटली ओता आणि नवीन भरा. मी इथे तांब्या घेऊन बसले आहे, संकल्प मी सोडते. आज दुसरी परिक्रमा सुरू. धक्क्यापासून. जमेल तेवढं चाला."

"अगं, मी शनिवारी येतोय घरी. पुढची कोण घालणार?"

"तिथे काय माणसं नाहीत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी उठून जुनं पाणी तळ्यात सोडलं, बाटली भरली, पिशवी खांद्याला लावली. "चल गं इरा," म्हणाले. आणि दोघं निघाले.

काका मला आठवतात ते असे, पाठमोरे. एका बाजूला पाणी भरलेली भातशेतं, त्यांच्यात उलटा बांदाई. एका बाजूला तळं. मध्ये इस्त्रीचा शर्ट आणि पिवळी टोपी, कानाला फोन, आणि मोठमोठ्याने निमकी चाललेली, तिथे अस्वल असण्याची काही शक्यता नसताना. जो तुकडा शेवटचा म्हणून ठेवला होता तोच त्यांनी पहिला म्हणून चालून टाकला. जुन्या दगडापाशी पोचल्यावर बाटली माझ्या हातात दिली. शनिवारी ते डोंबिवलीला परतले.

पुढची फेरी आम्ही घातली. मी, निखिल आणि इरा. आम्हाला काकांएवढा नेम जमला नाही. मध्ये भूकंपाचं वर्ष आलं, तेव्हा कित्येक दिवस तिकडे गेलोच नाही. मला नोकरी लागली, शनिवार मिळेनात. पण दर वेळी जिथे सोडलं तिथूनच सुरू केलं, दर वेळी फोन लावला, आणि दर वेळी काकूंचा पहिला प्रश्न तोच. इरा मोठी होत गेली तशी मराठी ऐकायची आणि उत्तर जपानीत द्यायची. "मिगी," म्हणायची. मिगी म्हणजे उजवा, हे काकूंना डोंबिवलीत पाठ झालं होतं.

फेरी धक्क्यापासून सुरू झाली होती, ती धक्क्यावरच संपायची होती. आम्ही तिथे पोचलो तेव्हा इरा माझ्याहून उंच झाली होती. हंसबोट धक्क्याला लागलेली. इराने बाटली उघडली आणि पाणी तळ्यात सोडलं. मी फोन लावला. काकांना आता कमी ऐकू येतं, म्हणून काकूंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"झाली का?" काकांनी विचारलं.

"झाली काका. पुरी झाली."

काकूंनी नाक ओढलेलं ऐकू आलं. मग काकांचा आवाज आला, तोच जुना, बूट घाल म्हणणारा.

"मग आता बसा बोटीत. परिक्रमा झाली, आता पाणी ओलांडायला हरकत नाही. इरा, मध्ये गेलीस की सांग काय दिसतंय. नुसतं छान म्हणायचं नाही हं!"

आम्ही चढलो. फळी उचलली, भोंगा झाला. इरा वरच्या डेकवर कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि बोट मध्यावर येईपर्यंत काठ न्याहाळत होती. मग तिने फोन तोंडाजवळ धरला.

"काका," ती अडखळत, पण मराठीत म्हणाली, "इथून तुम्ही चाललात ते सगळं दिसतंय."